आदिवासी आणि पाश्चात्त्येतर समकालीन कलेचा क्युरेटर व्हायचंय? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिनव कला महाविद्यालयाचे, भारती विद्यापीठाचे विद्यार्थी विचारतात, फर्ग्युसनमध्ये इतिहास शिकणारे विचारतात, आयटीला कंटाळून ‘काहीतरी अर्थपूर्ण’ शोधणारे तर फारच विचारतात. प्रश्न थोडेफार तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. काही उत्तरं लांब आहेत, काही दोन ओळींची. ज्या प्रश्नात खरी गुंतागुंत आहे तिथे मी रेंगाळलो आहे.

क्युरेटर म्हणजे भिंतीवर चित्रं लावणाराच ना?

लावतोही. माणूस मिळाला नाही तर शिडीवर स्वतः चढतो. पण ते शेवटच्या दोन-तीन दिवसांचं काम. त्याआधीचे कित्येक महिने जातात ते प्रदर्शनातून काय विचारायचं आहे हे ठरवण्यात, चित्रकारांना भेटण्यात, संग्राहकांकडून चित्रं उसनी मागण्यात, करारपत्रं, विमा, बजेट, वाहतूक आणि मजकूर यांत. सरकारी संग्रहालयात या पदाला अभिरक्षक म्हणतात. त्याच्याकडे संग्रह असतो, नोंदवही असते, आणि वस्तू हरवली तर चौकशीही त्याचीच होते. आमच्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांकडे संग्रह नसतो, जबाबदारी मात्र तीच असते.

चांगली नजर हवी, हे खरंच. पण माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूबद्दल कोणीही विचारलं, ही कोणी केली, तुमच्यापर्यंत कशी आली, कोणाला विचारून लावली, त्याला काय मिळालं, तर तिथल्या तिथे उत्तर देता आलं पाहिजे. आदिवासी कलेच्या बाबतीत ही चार उत्तरं नसलेली प्रदर्शनं पुण्या-मुंबईत आजही होतात आणि त्यांची उद्घाटनं दणक्यात होतात.

वारली, गोंड ही तर लोककला. तिला समकालीन का म्हणायचं?

कारण ती आज काढली जाते आणि तिच्या खाली सही असते.

वारल्यांचं उदाहरण घ्या. लग्नघरात गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीची चौकट. धवलेरी गाणी म्हणते, विधी पार पाडते. तो चौक विधीचा भाग आहे, विकायची वस्तू नव्हे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद आणि रंग घेऊन पोहोचले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून ते मधुबनीत असंच काम करून आले होते. वारली पाड्यांवर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. हा पुरुष लग्नकार्याशिवायही, रोज, चित्रं काढत होता. पुढे म्हशांच्या कागदावर आणि कापडावर जे आलं ते चौकापेक्षा वेगळं होतं: मासेमारीची पसरत गेलेली जाळी, मुंग्यांची वारुळं, तारपा या फुंकवाद्याभोवती फिरणारं गोल रिंगण, हजारो बारीक रेषा. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराच्या बरोबरीने त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. अशा माणसाच्या कामाला ‘अनामिक परंपरा’ कसं म्हणणार?

जनगढसिंह श्याम यांची गोष्टही तशीच. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे परधान गोंड. परधान हे मुळात गाणारे, बाणा वाजवून गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा सांगणारे. चित्रकार जे. स्वामीनाथन भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी माणसं गावोगाव पाठवत होते, त्यातून जनगढ भोपाळला आले. १९८२ साली भारत भवन उघडलं. गाण्यातले देव त्यांनी ठिपक्यांनी आणि रेषांनी कागदावर आणले आणि त्यांच्या मागून नातेवाइकांची, गावकऱ्यांची एक अख्खी पिढी चित्रं काढू लागली. भज्जू श्याम आणि दुर्गाबाई व्याम यांना पुढे पद्मश्री मिळाली. ज्याला आपण आज सर्रास ‘पारंपरिक गोंड शैली’ म्हणतो, तिचं हे रूप एका माणसाच्या हातून सुरू झालं आणि वयाने ते आपल्यातल्या अनेकांपेक्षा लहान आहे.

भारतात हे ठामपणे मांडणारं प्रदर्शन म्हणजे ज्योतींद्र जैन यांनी १९९८ साली दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये भरवलेलं ‘अदर मास्टर्स’. पाच कलाकार, पाचांचीही नावं ठळक: जिव्या सोमा म्हसे, जनगढसिंह श्याम, मिथिलेच्या गंगादेवी, छत्तीसगढच्या सोनाबाई, मणिपूरच्या नीलमणीदेवी. या क्षेत्रात यायचं तर पाठ्यपुस्तकाआधी या पाच जणांचं काम बघा. वारली मुलं आज महामार्ग रंगवतात, धरणं रंगवतात, मोबाइल टॉवर रंगवतात. ‘हे अस्सल नाही’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांच्या घरी स्वयंपाक चुलीवर होतो का, असं विचारायचा मोह मी आवरतो.

पाश्चात्त्येतर म्हणजे नेमकं कुठलं? यात भारतातली सगळीच कला आली ना?

आली. म्हणूनच हा शब्द मला फारसा उपयोगी वाटत नाही. पण अर्जांत, अभ्यासक्रमांत तो येतो, त्यामुळे त्याचा इतिहास माहीत हवा.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पिकासोसारख्यांच्या शेजारी आफ्रिका आणि ओशनियातल्या वस्तू मांडल्या. पाश्चात्त्य चित्राला कलाकाराचं नाव आणि साल, मुखवट्याला फक्त जमातीचं नाव. त्यावर टीकेचं मोहोळ उठलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच शहरात, मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये न्यूझीलंडच्या मूलनिवासी माओरींच्या कलेचं ‘ते माओरी’ नावाचं प्रदर्शन उघडलं. त्यासाठी माओरी लोकांची संमती घेतली होती, त्यांचे वडीलधारे वस्तूंसोबत आले होते, आणि पहाटे विधी करून मगच दारं उघडली होती. दोन्ही प्रदर्शनं शेजारी ठेवून वाचलीत तर निम्मा अभ्यासक्रम झाला समजा.

१९८९ साली पॅरिसमध्ये झाँ-ह्युबेर मार्तँ यांनी ‘पृथ्वीवरचे जादूगार’ भरवलं. शंभराच्या आसपास कलाकार, निम्मे पाश्चात्त्य आणि निम्मे बाहेरचे. जनगढ आणि मिथिलेच्या बौवादेवी त्यात होत्या. ‘जादूगार’ या शब्दावर आजही वाद होतो, तो व्हायलाच हवा. पण दार तिथे किलकिलं झालं. नायजेरियात जन्मलेल्या ओक्वुई एन्वेझोर यांनी जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात २००२ साली ते सताड उघडलं. २०२० साली सिडनी बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनाची सूत्रं पहिल्यांदाच एका आदिवासी कलाकाराकडे, ब्रूक अँड्र्यू यांच्याकडे आली. २०२२चं डॉक्युमेंटा जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाने केलं आणि एका फलकावरच्या ज्यूविरोधी चित्रणामुळे ते भलत्याच वादात सापडलं. २०२४ला व्हेनिसच्या बिएनालेमध्ये माताआहो या माओरी स्त्रियांच्या गटाला आणि ऑस्ट्रेलियाच्या दालनासाठी आदिवासी कलाकार आर्ची मूर यांच्या कामाला, अशा दोन्ही सुवर्णसिंहांनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पुरस्कारांनी, या जगाचा सन्मान केला.

शिक्षण कुठे घ्यायचं? पुण्यात सोय आहे का?

थेट ‘आदिवासी कला क्युरेशन’ अशी पदवी शोधू नका, मिळणार नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे आणि तिथला कलाइतिहास विभागही भक्कम आहे. दिल्लीत जेएनयूचं कला आणि सौंदर्यशास्त्राचं केंद्र, नोएडाला भारतीय विरासत संस्था, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे अभ्यासक्रम. पुण्यात डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी आहेच, आणि वस्तूकडे बघायची शिस्त तिथे लागते. तुकडा हातात घ्यायचा, माप घ्यायचं, कुठे सापडला ते लिहायचं आणि मगच मत द्यायचं, ही सवय कलेच्या लोकांना सहसा नसते.

मानवशास्त्र वाचा, पण पारखून वाचा. वसाहतकाळात डोक्यांची मापं घेणारं शास्त्रही तेच होतं.

मी इंजिनिअर आहे. चालेल?

चालेल. एक्सेल येतं ना? मग अर्ध्या क्युरेटरांच्या पुढे आहात. कलाइतिहासाची कमतरता वाचून भरून निघते, वेळेवर पत्राला उत्तर द्यायची सवय मात्र नंतर लागत नाही.

पुण्यात बसून हे काम होतं का? मुंबईला जावं लागेल?

विक्री आणि मोठ्या गॅलऱ्या मुंबई-दिल्लीला आहेत, हे मान्य. पण पुण्यासारखं शिकायचं ठिकाण सहज मिळणार नाही.

सुरुवात क्वीन्स गार्डनपासून करा. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून इथे आहे आणि तिच्या आवारात आदिवासी संग्रहालय आहे. स्टेशनवरून रिक्षाने काही मिनिटांवर. तरी कलाशाखेच्या कित्येक विद्यार्थ्यांनी ते पाहिलेलं नसतं. मुखवटे, दागिने, वाद्यं, शेतीची अवजारं, वारली चित्रं. एकदा सगळं बघून या, मग पुन्हा जा आणि एकाच वस्तूसमोर तासभर बसा. समजा, बोहाड्याचा एखादा मुखवटा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांची सोंगं नाचतात. रात्र चढेल तसं एकेक सोंग येतं, संबळ वाजतो, टेंभे धरलेले असतात, आणि कोणतं सोंग कोणी नाचवायचं हे गावात ठरलेलं असतं. आता काचेआडच्या मुखवट्याकडे पाहा. आतल्या बाजूने कपाळाशी घामाने काळी पडलेली जागा दिसते का? दोरी ओवायची भोकं झिजली आहेत का? रंगावर रंग चढलेत का? झिजलेली भोकं सांगतात की हा नाचला आहे. कोरीव पण कोरा करकरीत असेल, तर तो बहुधा विकण्यासाठीच केला गेला. दोन्ही खरेच आहेत, पण लेबलवर दोघांची गोष्ट एक नसावी.

मग बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, चित्रकथीची (चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेची) चित्रं. एका माणसाच्या आवडीतून संग्रह कसा घडतो, काय आत येतं आणि काय बाहेर राहतं, याचा अभ्यास इथे करावा. चित्रकथीचा धागा पकडून पुढे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाने तिथे ही कला जिवंत ठेवली आहे आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाचं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय मी प्रत्येकाला बघायला सांगतो, कारण तिथे कला सांभाळणारे आणि कला दाखवणारे वेगळे नाहीत.

आणखी एक. आदिवासी म्हटलं की पुणेकरांना डहाणू किंवा गडचिरोली आठवतं. पण जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी आणि ठाकर आहेत, मावळ-मुळशीत कातकरी आहेत. तुमच्या वीकेंडच्या फार्महाऊसपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

प्रदर्शनासाठी जागा म्हणाल तर बालगंधर्व कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन आणि शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन या तिन्ही जागा नवख्यांना परवडतात. तारखा मात्र फार आधी धराव्या लागतात.

पाड्यावर पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवायचं?

आवणीच्या दिवसांत प्रश्नावली घेऊन जाऊ नका. जून-जुलैत माणसं चिखलात वाकलेली असतात, आणि तुम्ही बांधावर उभे राहून ‘तुमची प्रेरणा काय?’ विचारणार. दिवाळीनंतर जा. वारली पाड्यांसाठी मुंबईहून डहाणू रोडपर्यंत लोकल, पुढे एसटी किंवा जीप. फोन करून जा. सगळ्यांकडे फोन आहे, अचानक टपकून ‘सरप्राइज’ देण्यात काही रोमँटिक नाही.

पहिल्या भेटीत चित्र विकत घ्यायची घाई करू नका, फुकट तर अजिबात मागू नका. ‘आठवण म्हणून एक छोटंसं काढून द्या ना बाबा’ हे वाक्य प्रत्येक चित्रकाराने इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा चेहरासुद्धा बदलत नाही. चहा प्या, काम बघा, कोणाकडून शिकले ते विचारा. बायकांशी बोला. ही महत्त्वाची गोष्ट आहे: चौक लिहिणाऱ्या बायका आणि बाजारात सही करणारे पुरुष, असं चित्र बऱ्याच घरांत दिसतं. रंग भरणारी सून आणि सही करणारा सासरा असेल, तर लेबलवर कोणाचं नाव घालायचं, हा प्रश्न त्याच अंगणात, दोघांसमोर बोलून सोडवावा. पुण्याला येऊन आपल्या मनाने सोडवू नये.

फोटो आणि रेकॉर्डिंग आधी विचारून. देवाच्या जागेचे फोटो काढायला ‘हो’ म्हटलं तरी ते प्रदर्शनात लावायला ‘हो’ म्हटलंय असं समजू नका. दोन परवानग्या वेगळ्या आहेत.

किंमत कोण ठरवतं? चित्रकाराला किती मिळायला हवं?

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे.

गॅलरीचा हिस्सा साधारण विक्रीच्या एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असतो. शहरातल्या चित्रकारासाठी हाच व्यवहार चालतो, तर आदिवासी चित्रकारासाठीही तोच चालावा. प्रत्यक्षात काय होतं? शहरातल्या चित्रकाराचं चित्र गॅलरी विक्रीसाठी ठेवून घेते आणि विकलं की त्याचा हिस्सा देते. पाड्यावरून मात्र दहा चित्रं गठ्ठ्याने, रोख पैसे देऊन, उचलली जातात आणि नंतर ती कितीला गेली हे चित्रकाराला कधी कळतच नाही. माझ्या ओळखीतल्या एका चित्रकाराला आपल्या चित्राची खरी किंमत कळली ती नातवाने मोबाइलवर एका दुकानाचं पान दाखवलं तेव्हा. चित्राखाली नाव नव्हतं, ‘ट्रायबल आर्ट, हँडमेड’ एवढंच.

तेव्हा कागद करा, मराठीत. किती चित्रं घेतली, मापं, प्रत्येकाची विक्रीची किंमत, चित्रकाराचा हिस्सा, पैसे किती दिवसांत, न विकलेली परत कधी आणि कोणाच्या खर्चाने. खाली दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्यांच्याकडे. हिशेब बँकेतून.

कायद्यातलं थोडं पाठ हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. कॉपीराइट द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे विकत घेतलेलं चित्र कॅलेंडरवर, कपावर, कुर्त्यावर छापायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. कलम ५७ प्रमाणे आपलं नाव लावून घेण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. कलम ५३अ पुनर्विक्रीत हिस्सा मागण्याची तरतूद करतं: फेरविक्रीची किंमत १०,००० रुपयांच्या वर असेल तर, आणि जास्तीत जास्त १० टक्के. फार वापरलं जात नाही. माहीत असलेलं चित्रकाराला सांगायला काय हरकत आहे? शैलीवर मात्र कोणा एकाचा कॉपीराइट नसतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यामागे आदिवासी युवा सेवा संघाचे प्रयत्न आहेत. त्याने नावाला संरक्षण मिळतं, कुर्त्यावरचा त्रिकोणी माणूस थांबत नाही.

आणि पैशापलीकडची जबाबदारी. जनगढ २००१ साली जपानमध्ये, एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेले असताना, आत्महत्या करून गेले. चाळिशीही गाठली नव्हती. कोणाला परदेशी निवासी कार्यक्रमाला पाठवत असाल, तर भाषा येणारा माणूस सोबत आहे का, परतीचं तिकीट कोणाच्या हातात आहे, पासपोर्ट कोणाकडे राहणार, मधेच यायचं म्हटलं तर येता येईल का, हे निघण्याआधी लेखी ठरवा.

सगळं दाखवता येतं का? काही गोष्टी दाखवू नयेत असंही असतं?

असतं. १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या पापुन्या वस्तीत वडीलधारे फळकुटांवर चित्रं काढू लागले. त्यात दीक्षा झालेल्या पुरुषांनीच बघायच्या खुणा होत्या. इतर समूहांतल्या मोठ्यांनी आक्षेप घेतला आणि चित्रकारांनीच हळूहळू त्या खुणा झाकल्या किंवा वगळल्या. त्या सुरुवातीच्या चित्रांपैकी काही आजही तिथे जाहीरपणे लावली जात नाहीत. अमेरिकेत मूलनिवासी समाजांच्या अस्थी आणि पवित्र वस्तू त्यांना परत देण्याबद्दलचा १९९०चा कायदा आहे. त्याचे नवे नियम जानेवारी २०२४ला लागू झाले तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने दोन दालनंच बंद केली, कारण मूलनिवासी समाजांची संमती घेतल्याशिवाय पवित्र वस्तू मांडता येणार नव्हत्या.

आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे विचारणं क्युरेटरवर येतं. लग्नाचा चौक गॅलरीत ‘लाइव्ह’ लिहून दाखवा, अशी मागणी कॉर्पोरेट कार्यक्रमांतून सतत होते. काही जणी आनंदाने करतात, देवी वगळून करतात, काही नाही म्हणतात. नाही म्हटलं की विषय संपला. जास्त पैसे देऊन बघू नये.

आम्ही बिगर-आदिवासींनी हे करावंच का?

भास्कर कुलकर्णी, स्वामीनाथन, जैन, सगळे बाहेरचेच होते आणि त्यांनी केलं ते मोठं होतं. पण त्या काळात ‘यांना शोधून काढलं’ ही भाषा खपून गेली. आता खपू नये. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं आहे की प्रदर्शनाच्या निवडीत त्या समाजातला किमान एक जण बरोबरीने असेल, मानधनासह. ‘सल्लागार’ म्हणून कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर नाही. याने काम हळू होतं आणि माझ्या आवडीची चित्रं कापली जातात. जाऊ देत.

मी स्वतः कोकणा या आदिवासी समाजातली आहे. मला जागा आहे का?

आहे, आणि तुम्ही लवकर यावं ही मनापासून इच्छा. ऑस्ट्रेलियात जॉन मंडीन या आदिवासी क्युरेटरने १९८८ साली काय केलं ते वाचा. गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी होत असताना रामिंगिनिंगच्या कलाकारांकडून त्यांनी २०० पोकळ ओंडक्यांच्या शवपेट्या रंगवून घेतल्या, दर वर्षाची एक. आज त्या कॅनबेराच्या राष्ट्रीय गॅलरीत उभ्या आहेत. बाहेरच्या माणसाला ही कल्पना सुचली असती, पण मांडायचा अधिकार कुठून आणला असता?

एक सावधगिरी: तुम्हाला प्रत्येक वेळी फक्त ‘आदिवासी विभाग’ सांभाळायला बोलावतील. तो घ्या, पण उरलेलं प्रदर्शनही मागा.

प्रत्यक्ष मांडणीत काय काय बघावं लागतं?

प्रकाश, दमट हवा आणि पॅकिंग. कागद-कापडावर ५० लक्सच्या आसपास प्रकाश पुरे. गॅलरीचे झगझगीत दिवे मंद करायला लावा, मालक कुरकुरतात. शेण-गेरू लावलेल्या कापडाची घडी कधी घालायची नाही. घडीवर थर तडकतो आणि तिथून पावडर गळायला लागते. जाड नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, मधे आम्लरहित कागद. बबल रॅप थेट चित्रावर आला तर रंगावर गोल गोल ठसे उमटतात. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला फ्रेम टेकवू नका, मागे बूच किंवा रबराचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत हातकागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके आलेच. चित्र ताब्यात घेताना आणि परत देताना प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, तारखेसह.

मजकूर आधी मराठीत लिहा. आणि तो चित्रकाराला वाचून दाखवा.

चित्रं परदेशात पाठवायची तर?

१९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगीरीत्या बाहेर नेता येत नाहीत. आजची चित्रं त्यात येत नाहीत, पण जुनाट दिसणारा मुखवटा किंवा ढोकऱ्याची (मेणाच्या साच्यातून ओतलेली) धातूची मूर्ती कस्टम्समध्ये अडकते. तेव्हा ती पुरावशेष नसल्याचा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीच घ्या. प्रदर्शन करून परत आणायचं असेल तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून कार्नेट, म्हणजे वस्तू तात्पुरती नेऊन परत आणायचं कस्टम्सचं कागदपत्र, मिळतं.

आई विचारते, यात पैसे मिळतात का?

आईला सांगा, सुरुवातीला नाहीत. सरकारी संग्रहालयातली अभिरक्षकाची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात, जाहिरात आली की सोडू नका. बाकी गॅलरी, खासगी संग्रहालयं, बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थांची अनुदानं. स्वतंत्र क्युरेटरचं मानधन बजेटमध्ये सगळ्यात शेवटी लिहिलं जातं आणि सगळ्यात आधी कापलं जातं, म्हणून ते पहिल्या ओळीत लिहा. बहुतेक जण सोबत शिकवतात, भाषांतर करतात, कॅटलॉग लिहून देतात. मीही करतो.

सोसायटीच्या भिंतीवर वारली काढून हवंय. कोणाला सांगू?

हा प्रश्न नोकरीबद्दलच्या प्रश्नांपेक्षाही जास्त येतो. वारली चित्रकाराला सांगा. येण्याजाण्याचं भाडं, राहणं-जेवण, मजुरीऐवजी चित्राचा मोबदला, आणि भिंतीच्या कोपऱ्यात नाव. ‘कॉलनीतल्या मुलीच छान काढतात, फुकट होईल’ असं कमिटीत कोणीतरी म्हणेलच. मुलींना काढू द्या की, फक्त फलकावर ‘वारली चित्रकला’ लिहू नका.

तुम्ही इंटर्न घेता का? काय पाठवू?

अधूनमधून घेतो, विद्यावेतन देऊन. रेझ्युमे नको. क्वीन्स गार्डनच्या संग्रहालयातल्या कुठल्याही एका वस्तूचं साठ शब्दांचं लेबल लिहा, मराठीत. त्यात ‘साधेपणा’, ‘निसर्गाशी नातं’ आणि ‘लोप पावत चाललेली’ हे शब्द नसावेत.